सहा महिन्यांची बदली

परदेशीपुरा, इंदूर
१२ जानेवारी २००२

चि. विष्णू यास,

वर श्री लिहिलेला नाही, त्यावरून समजायचं ते समजा. तसं तुम्हाला आधीच समजलं आहे. मंगळवारी सकाळी सव्वानऊला हे गेले आणि अकराला तुमच्या इंदूरच्या ऑफिसचा मॅनेजर जयेश दारात उभा होता. म्हणजे मस्कतला बातमी आमच्या मागच्या गल्लीच्या आधी पोचली. अशी पत्रं वाचून फाडून टाकायची रीत आहे. हे मात्र फाडू नका, दोनदा वाचावं लागेल.

सख्खा भाऊ असून अग्नी द्यायला तुम्ही आला नाहीत, भाऊजी. आमच्या मुलीने, अमिताने दिला. गुरुजींनी दोनदा विचारलं, घरात पुरुषमाणूस कोणीच नाही का. मी म्हटलं, आहे, पण त्याला यायला जमत नाही.

परवा जयेश पुन्हा आला. चहा घेतला, यांच्या फोटोला हात जोडले आणि मग बराच वेळ मोबाइलशी खेळत बसला. शेवटी म्हणाला, "काकू, साहेबांची एक रिक्वेस्ट है. नगर निगममध्ये डेथ रजिस्टर करवानी पडेल ना, एकवीस दिवसांत. तर त्यात नाव जरा... विष्णू गोपीनाथ टोकेकर लिहवा देना."

मी म्हटलं, "विष्णू मेला नाही. मेले ते त्याचे मोठे भाऊ, माझा नवरा."

"मालूम है काकू. पण समझा करो ना. शरदचंद्र साहेब तर मस्कतमध्ये आहेत. कागदावर ते मरू नाही सकत."

मग त्याने सगळं समजावलं, जणू मला ठाऊकच नाही. इंदूरच्या बाहेरचा टोलचा रस्ता तुमच्या कंपनीला मिळतो आहे, पहिल्या तारखेला सरकारशी सही आहे. तुमचा पासपोर्ट, कंपनी, बँक, सगळं यांच्या नावावर, यांच्या जन्मतारखेवर, याच घराच्या पत्त्यावर. त्याच नावाचा, त्याच पत्त्याचा मृत्यूचा दाखला निघाला आणि एखाद्याच्या हाती लागला, तर सगळं उघडं पडेल.

एकोणीस वर्षं तुम्ही यांच्या नावावर जगलात. आता मरायलासुद्धा यांना त्यांचं नाव मिळू नये, असं तुमचं म्हणणं आहे. मला ते सहन होत नाही, भाऊजी. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. या माणसाच्या मृत्यूपुढे त्याचं स्वतःचं नाव लागावं, एवढंच हवं आहे.

एकोणतीस तारखेपर्यंत मुदत आहे. मी अजून नगर निगमच्या झोनच्या ऑफिसात नोंद करायला गेलेले नाही. हे पत्र बंद पाकिटात जयेशच्या हाती देते आहे, तो कुरिअर करेल. फॅक्स करतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

इंदुमती


१५ जानेवारी

चि. विष्णू यास,

काल संक्रांत झाली. समोरच्या भानुमतीबाई दरवर्षी हळदीकुंकवाला हाक मारतात, काल त्यांनी मला बघून दार लोटून घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण तुमच्या कागदांप्रमाणे मी सवाष्ण आहे, नवरा मस्कतला, धडधाकट. जयेशकडून एक झेरॉक्स घेऊन वाण मागायला जायला हवं होतं.

अमिता विचारत होती, "आई, काका पप्पांच्या नावावर गेलेच कसे? मतलब, कोणी रोका नहीं?" मी म्हटलं, बदलीवर गेले. तिला बदली म्हणजे ट्रान्सफर एवढंच माहीत. मिल बंद झाली तेव्हा ती दहा वर्षांची होती, तिला कुठून कळणार. तिला सांगावं लागलं, की मिलमध्ये एखादा कामगार आजारी पडला किंवा गावी गेला, की त्याच्या जागी दुसरा उभा राहायचा, त्याच्याच नंबरावर. रोज सकाळी फाटकाशी अशी पंचवीस-तीस माणसं थांबलेली असत. मूळ माणूस परत आला की बदलीवाला बाजूला होई. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे आणि कोणी जागा अडवूनही बसत नसे. तुमचे वडील, आपले नाना, स्वतः तीन वर्षं बदलीवर होते.

म्हणून ब्याऐंशी साली मस्कतच्या रस्ते बांधणाऱ्या कंपनीने यांना फिटर म्हणून निवडलं आणि यांना लगेच निघणं होईना, तेव्हा आपल्या घरात कोणाला काही वावगं वाटलंच नाही. व्हिसा यांच्या नावाचा, पासपोर्टवर नाव यांचं आणि फोटो तुमचा. एजंट म्हणाला, "बाप का नाम एक, घर एक, फोटो से क्या होता है भिया." सहा महिन्यांची बदली ठरली. माझं बाळंतपण पार पडलं की हे जातील, तुम्ही परत याल. पासपोर्ट म्हणजे मिलचा बिल्ला नव्हे, हे सांगणारं आपल्या गल्लीत कोण होतं?

तुम्हीच मागे लागला होतात, आठवतं ना. हाताला काम नाही, दिवसभर चौकात बैठक, आणि घरी आलं की "दादा, मला जाऊ दे."

पाना कुठल्या हातात धरतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवस यांनी खाटेवर सगळी हत्यारं मांडून तुम्हाला शिकवलं. तिथे गेल्यावरही रोलर बंद पडला की तुमचं पत्र यायचं, आणि हे पाळीवरून येऊन, हात न धुता, निळ्या पत्रावर गिअरचं चित्र काढत बसायचे. कडेने बारीक अक्षरात सूचना. ते चित्र पोचेपर्यंत तुमचा रोलर उन्हात कसा उभा राहत होता देव जाणे. दोन वर्षं तुमची नोकरी यांनी परदेशीपुऱ्यातून केली.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. तुम्ही फोरमन झालात, मग ठेकेदार. "लायसन्स दादाच्या नावावर आहे, आता मध्येच कसं बदलू," असं लिहिलंत. अठ्ठ्याऐंशीत तुमच्या लग्नाची पत्रिका आली. सोनेरी अक्षरांत यांचं नाव आणि शेजारी निवेदिता. शेजारपाजारी कोणी बघू नये म्हणून मी ती डाळीच्या डब्यात लपवली. हे हसले. म्हणाले, "बघ, मला दुसरी बायको मिळाली आणि वरातीत नाचावंही लागलं नाही." मला हसू आलं नव्हतं. आजही येत नाही.

रस्त्यांनंतर तुमचा व्यापार झाला आणि आता ही फरसाणाची दुकानं. मस्कत, दुबई, नैरोबी, आणि दोन वर्षांपासून इंदूर, भोपाळ. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर यांचं नाव, आत दिवे लावून. हे सायकलवरून दोरीच्या कारखान्यात जाताना रोज त्या पाटीखालून जात. उद्घाटनाला तुम्ही इंदूरला आलात, दोन दिवस हॉटेलात राहिलात. घरी आला नाहीत. गल्लीतलं एखादं म्हातारं माणूस विष्णू म्हणून हाक मारेल ही भीती. हेच धुतलेला शर्ट घालून हॉटेलात जाऊन तुम्हाला भेटून आले.

ही फ्रँचायझी म्हणजे काय भानगड असते ते मी जयेशला विचारलं. तो खुशीत आला. "काकू, दुकान त्याची, मेहनत त्याची, नाव आपलं. सगळी किंमत नावाचीच आहे."

"आणि मुदत संपली तर?"

"ॲग्रीमेंट रिन्यू नाही केला तर आठ दिवसांत पाटी उतरवायची. नाम वापस."

त्या बिचाऱ्याला काय सांगायचं. भाऊजी, लोकांना नाव वापरायला देताना तुम्ही वकील बसवता, मुदत घालता. यांनी तुम्हाला खाटेवर बसून दिलं. तिथेही मुदत ठरली होती.

इंदुमती


२१ जानेवारी

चि. विष्णू यास,

काल तेरावा झाला. पिंड ठेवताना गुरुजींनी यांचं नाव घेतलं. तेवढं बदलायला तुमच्या माणसाने सांगितलं नाही, त्याबद्दल आभारी आहे.

संध्याकाळी जयेशच्या मोबाइलवर तुम्ही बोललात. इतकी वर्षं फोन यायचा तो यांच्यासाठी, माझ्याशी तुम्ही कधी बोलला नाहीत. तुमचा आवाज ओळखू आला नाही. तुम्ही रडलात, आणि ते खरं रडणं होतं, एवढं मला कळतं. पण डोळे पुसून झाल्यावर म्हणालात, "वहिनी, दादा असता तर त्याने हेच केलं असतं. पोलिसाला त्याने स्वतःच सांगितलं."

हो, सांगितलं. तुमच्या टोलच्या रस्त्यासाठी नोव्हेंबरात तो शिपाई पत्त्याची चौकशी करायला आला होता. मी आत भाजी चिरत होते. त्याने विचारलं, "शरदचंद्र टोकेकर का घर यही है?" हे म्हणाले, यही है. "वो कहाँ हैं?" "मस्कत में. बड़े भाई हैं मेरे." "और आप?"

मी विळीवरचा हात थांबवला. मग हे म्हणाले, "विष्णू."

शिपायाने लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेला. हे आत आले, म्हणाले, "माणूस बरा होता." पाटावर बसले पण जेवले नाहीत. त्या दिवसापासून यांचं खाणं कमी होत गेलं. डॉक्टर म्हणतात फुप्फुसात मिलचा कापूस साठला होता. असेलही.

यांनी तुमच्यासाठी काय काय केलं हे तुम्हाला पूर्ण माहीत नाही. यांनी कळू दिलं नाही, मी कळवते. ब्याण्णवात मिल बंद पडली तेव्हा सहा महिने हे रोज भोंग्याच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहत, भोंगा वाजत नसे तरी. मग म्हणाले, आता मीच बाहेर जातो. पासपोर्ट काढायला भोपाळला गेले. तिथल्या खिडकीवर सांगितलं, या नावाने, या जन्मतारखेने पासपोर्ट आधीच दिलेला आहे, तक्रार असेल तर लिहून द्या. लिहून दिलं असतं तर तुम्ही तुरुंगात गेला असतात. हे अर्जाची घडी खिशात घालून परत आले आणि दोरीच्या कारखान्यात लागले.

पंचाण्णवात बंद मिलचे जुने माग घेऊन आफ्रिकेत विकायचा व्यापार तुम्ही सुरू केलात. त्यातले चांगले निवडायला कोणाला बोलावलंत? हातात खडू घेऊन हे चार गावं फिरले. जो माग अजून चालेल त्यावर फुली मारायची. आल्यावर म्हणाले, "कुठे का होईना, चालतील तरी." तेव्हा मला यांचा राग आला होता, तुमचा येतो तितकाच.

तुम्ही फोनवर म्हणालात सुदामा नगरात फ्लॅट घेऊन देतो, अमिताला दुबईच्या ऑफिसात नोकरी देतो. ती शेजारीच उभी होती, तिने ऐकलं. आज सकाळी वेणी घालताना म्हणाली, "आई, पप्पा तर गेले. एक नामच तर आहे ना. त्याने आपली लाइफ बनत असेल, तर लिहू दे." मी रागावले नाही. दोन खोल्यांत वाढलेली मुलगी आहे. तिने आयुष्यात सोयीचं असं काही पाहिलेलंच नाही.

आणि रागावायचा मला हक्कही नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुम्ही मागे लागला नव्हतात. तुम्हाला जायचंच नव्हतं. स्टेशनवर तुम्ही खांबाला धरून उभे होतात आणि यांनी तुमची बोटं सोडवली. बदलीचं मी सुचवलं होतं. माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलेलं, अमिताच्या वेळी पाचवा चालू होता, आणि हे लांब गेले तर हेही जाईल अशी भीती माझ्या मनात बसली होती. नानांसमोर मीच म्हटलं, "भाऊजींना पाठवा ना, सहा महिने, बदलीवर." हे थोडा वेळ हातातला पाना फिरवत राहिले, मग म्हणाले, "बरं."

एवढ्या वर्षांत यांनी मला एकदाही ते ऐकवलं नाही. ऐकवलं असतं, भांडले असते, तर मला बरं वाटलं असतं. मी रोज तुम्हाला मनातल्या मनात चोर म्हणत आले. दार उघडून दिलं होतं ते मीच.

म्हणून अजून झोनवर गेलेले नाही. पाय उचलत नाही.

इंदुमती


२८ जानेवारी

चि. विष्णू यास,

आज सकाळी नऊला जयेश आला. तुमच्या वकिलाने टाइप करून दिलेलं शपथपत्र घेऊन. मी फक्त सही करायची, बाकी सगळं तो बघणार होता. माझा चष्मा सापडेना म्हणून कागद अमिताने घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. "मृतक विष्णू गोपीनाथ टोकेकर, उम्र इकतालीस वर्ष, अविवाहित, निःसंतान."

तिथे ती थांबली.

"जयेशदादा, हे अविवाहित कोणी लिहिलं?"

"वकीलने. विष्णूची शादी नव्हती ना झाली, रेकॉर्डवर."

"आणि निःसंतान?"

"अरे, फॉर्मॅलिटी आहे, अमिता."

"बावीस वर्षं आई ज्यांच्याबरोबर राहिली ते अविवाहित? मग मी कोणाची?"

जयेशने कागद परत घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही. तो मला म्हणाला, "काकू, विचार करा. केस झाली तर तुमच्यावर पण बनेल." वाईट बोलला नाही, काळजीनेच बोलला. मी म्हटलं, बनू दे. अमिता तोवर चपला घालून दाराबाहेर गेली होती. मला वाटलं होतं समजूत मला तिची काढावी लागेल. तिच्यामागून मीच निघाले.

झोनच्या ऑफिसात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाबूने वर न बघता विचारलं, "मृतक का नाम?" अमिता बोलणार होती. मी तिचा हात दाबला.

लग्नात उखाण्यात घेतलं ते सोडलं, तर मी हे नाव कधी तोंडाने घेतलेलं नाही. आपल्याकडे बायका घेत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. लिहिलं तेही फक्त तुम्हाला पाठवायच्या पाकिटांवर, कारण त्याशिवाय पत्र तुम्हाला पोचत नसे. नवऱ्याचं नाव मी एकोणीस वर्षं दिराच्या पत्त्यावर लिहीत आले, आणि त्याला हाक मारायला मला ते कधी वापरता आलं नाही.

"अम्मा, नाम बोलो. पीछे लाइन है."

मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की बाबूला ऐकू गेला नाही. मग मी मोठ्याने म्हटलं, "शरदचंद्र. शरदचंद्र गोपीनाथ टोकेकर. मिल में फिटर थे. शादीशुदा थे. एक लड़की है, ये." रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला रडू आलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

तुमच्या रस्त्याचं काय होईल मला माहीत नाही. तुम्ही मला क्षमा करणार नाही, निवेदिता तर नाहीच, आणि तिचा यात काही दोष नाही हे मला कळतं. तिचं वाईट वाटतं. पण थांबले नाही. पोलिसांनी बोलावलं तर जाईन आणि बदली कोणी सुचवली तेही सांगेन. अमिताला सांगून झालं आहे.

घरी मृत्यू झाला म्हणून बाबूला कुटुंबाची माहितीही हवी होती. माझं नाव, अमिताचं नाव लिहून झालं. मग त्याने विचारलं, "कोई भाई-बहन?"

मी म्हटलं, "एक भाई. छोटा."

"नाम?"

"विष्णू गोपीनाथ टोकेकर."

त्याने लिहिलं आणि पेन तसंच धरून वर बघितलं. "हैं, या वो भी गुज़र गए?"

तीन आठवडे तुम्ही फोन करून, माणूस पाठवून माझ्याकडून जे वदवून घ्यायला बघत होतात, ते तिथे मान हलवून झालं असतं. तुमच्याबद्दल मनात जे जे होतं ते सगळं त्या वेळीही होतं, कमी झालं नव्हतं.

मी म्हटलं, "हैं." त्याने तुमच्या नावापुढे जीवित असं लिहिलं आणि शिक्का मारला.

तुमची वहिनी,
इंदुमती शरदचंद्र टोकेकर